चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो तेव्हा

चावी फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझतो, हे बहुतेकांच्या अंगवळणी पडलेले असते. हा दिवा विझला नाही, किंवा गॅरेजमध्ये ‘घालवून’ आणल्यावर आठवड्याभरात पुन्हा उगवला, की खरा प्रश्न सुरू होतो. माझ्या दहा वर्षे जुन्या पेट्रोल हॅचबॅकने मला हा अनुभव पाच महिने दिला. त्या काळात एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर (धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून प्लग बदलले, आणि दर वेळी स्कॅनर लावून कोड पुसल्यावर ‘आता येणार नाही’ असे सांगण्यात आले. दोष निघाला तो एका हातभर लांबीच्या रबरी पाइपमध्ये. दिवा एकदा लागून गेला तर फारसे बिघडत नाही, पण वारंवार परतत असेल तर तपास कसा करावा, हे त्या अनुभवावरून आणि त्यानंतर वाचून, तपासून जे समजले त्यावरून येथे मांडले आहे.

सर्वप्रथम दिव्याच्या रंगाकडे आणि वागण्याकडे पाहावे. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला सोडून देण्याचे कारण नाही. दोन-चार दिवसांत तपासणी करता येते. तोच दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसून ते न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सर पाइपमधील धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जात आहे, असे समजावे. तेथे ते जळते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळवू शकते. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून वेग कमी करावा आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच, तेही सावकाश, जावे. ऑइल प्रेशरचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा हे वेगळे प्रकरण आहे. तेथे गाडी लगेच थांबवून इंजिन बंद करणे एवढेच काम उरते. जाता जाता, जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि अशा गाडीची किंमत ठरवण्यापूर्वी स्कॅनर लावायलाच हवा.

कोड पुसण्यापूर्वी वाचून ठेवा

इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, दोष आढळला की एक कोड साठवतो आणि त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवतो: इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार. या टिपणाला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वारंवार येणाऱ्या दोषाच्या तपासात ही सर्वांत मोलाची नोंद असते, आणि कोड पुसला की तीही पुसली जाते. बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवण्याचा घरगुती उपाय याच कारणासाठी नुकसानीचा आहे. पुरावा जातो, ईसीयूने शिकून ठेवलेली इंधनाची जुळवणी जाते आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

दिवा ‘आपोआप’ येतो-जातो यामागेही ठरावीक हिशेब आहे. बऱ्याच दोषांच्या बाबतीत ईसीयू पहिल्या वेळी कोड केवळ प्रलंबित म्हणून ठेवतो आणि पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला तरच दिवा लावतो. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा विझतो, परंतु कोड स्मृतीत राहतो. इंजिन थंड स्थितीतून पूर्ण तापण्याच्या ४० फेऱ्या निर्दोष गेल्यावर तो पुसला जातो. या ४० च्या हिशेबात फेरी म्हणजे नुसते इंजिन चालू-बंद करणे नव्हे, तर पाण्याचे तापमान किमान २२ अंशांनी वाढून ७० अंश सेल्सिअसला पोहोचणे. घरापासून भाजीबाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीची अशी फेरी कित्येकदा पूर्णच होत नाही. त्यामुळे दिवा विझला म्हणून दोष गेला असे मानू नये, आणि दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही म्हणून दुरुस्ती फसली असेही मानू नये.

कोड वाचण्यासाठी लागणारा १६ पिनांचा सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असतो. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अॅडॉप्टर ऑनलाइन मिळतो आणि मोबाइलवरील अॅपमधून कोड, फ्रीझ फ्रेम आणि सेन्सरचे चालू आकडे दिसतात. अत्यंत स्वस्त अॅडॉप्टर काही गाड्यांशी नीट बोलत नाहीत, म्हणून परत करता येईल असाच घ्यावा. काम झाल्यावर तो काढून ठेवावा, कारण त्या सॉकेटमधील एक पिन चावी बंद असतानाही बॅटरीशी जोडलेली असते, आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली तर अॅडॉप्टर बॅटरी हळूहळू उतरवू शकतो.

कोड भागाचे नाव सांगत नाही

माझ्या गाडीचा कोड होता पी-०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. ही माहिती ऑक्सिजन सेन्सरकडून आली, म्हणून पहिल्या गॅरेजने ऑक्सिजन सेन्सरच बदलला. बातमी आणणाऱ्यालाच दोषी धरण्याचा हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. कोड एवढेच सांगतो की अमुक आकडा अपेक्षेबाहेर गेला. तो का गेला हे चाचणी करून शोधावे लागते.

या कोडसाठी सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम, आणि तो अॅपमध्ये दिसतो. ईसीयूला मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडावे लागत आहे, हे तो सांगतो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज शून्याच्या अलीकडे-पलीकडे दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नसते. इंजिन पूर्ण तापल्यावर ही बेरीज दोनदा पाहावी: एकदा गाडी उभी असताना आयडलिंगवर, आणि एकदा गाडी उभीच ठेवून फेरे २५०० वर धरून. आयडलिंगवर ट्रिम खूप वर असून २५०० वर खाली येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कोठून तरी मोजमापाबाहेरची हवा आत शिरते आहे. ती गळती फेरे कमी असताना एकूण हवेच्या मानाने मोठी असते आणि फेरे वाढले की नगण्य होते. याच्या उलट, आयडलिंगवर ट्रिम ठीक असून चढावर किंवा वेग वाढवताना वर जात असेल, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही: पंप दमलेला, फिल्टर चोंदलेला, किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखलेला. माझ्या गाडीत आयडलिंगवर १८ आणि २५०० वर ४ असे आकडे होते. पेट्रोल पंपाकडे, प्लगकडे किंवा ऑक्सिजन सेन्सरकडे पाहण्याचीही गरज नव्हती, हे त्या दोन आकड्यांनी सांगितले असते. पण ते कोणी पाहिलेच नव्हते.

हवेची गळती शोधण्यासाठी स्मोक टेस्ट हा उत्तम मार्ग आहे. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जेथून बाहेर येतो तेथे चीर असते. यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये नसते, पण चौकशी केल्यास सापडते. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून आवाज बदलतो का हे ऐकण्याची जुनी पद्धत आहे, परंतु तो द्रव ज्वालाग्राही असल्याने मी ती सुचवणार नाही. माझ्या गाडीत क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) वाफ इनटेककडे नेणाऱ्या पाइपला खालच्या बाजूने चीर गेली होती. रबर तापून मऊ झाले की ती उघडत असे, त्यामुळे सकाळी थंड गाडी तपासणाऱ्याला काहीच सापडत नसे.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढले, हा अलीकडचा बदल येथे लक्षात घ्यायला हवा. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते. पूर्वीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत ईसीयूला आता साधारण चार-साडेचार टक्के जास्त इंधन सोडावे लागते. निरोगी गाडी हे सहज सांभाळते. मात्र जिचा ट्रिम आधीच बारा-पंधरा टक्के वर होता, अशी जुनी गाडी या वाढीने मर्यादा ओलांडू शकते आणि मालकाला वाटते की नव्या पेट्रोलने दिवा लावला. पेट्रोलने झाकलेला दोष उघडा केला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सीएनजी किट बाहेरून बसवलेले असेल तर तपासाची पहिली पायरीच वेगळी आहे. अशा बऱ्याच किटना स्वतःचा वेगळा संगणक असतो, आणि त्याची जुळवणी बिघडली की पेट्रोलचा ईसीयू गोंधळून दिवा लावतो. दोन-तीन दिवस गाडी केवळ पेट्रोलवर चालवून दोन्ही इंधनांवरचे ट्रिम लिहून काढावेत. पेट्रोलवर आकडे ठीक आणि सीएनजीवर बिघडलेले असतील, तर गाडीचा एकही सेन्सर न बदलता किट बसवणाऱ्याकडे जाऊन जुळवणी करून घ्यावी, आणि सीएनजीचा फिल्टरही बदलून घ्यावा.

मिसफायर

सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे म्हणजे मिसफायर. त्याच्या पी-०३०१ ते पी-०३०४ या कोडमधील शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक असतो, आणि पी-०३०० म्हणजे दोष एका सिलिंडरपुरता नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असलेल्या गाड्यांत तपास फुकटात होतो. समजा पी-०३०१ आला आहे. इंजिन थंड आणि बंद असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवावी, कोड लिहून ठेवून पुसावा आणि गाडी चालवावी. आता पी-०३०३ आला तर कॉइल सदोष आहे. पी-०३०१ कायम राहिला तर हाच प्रयोग प्लगची अदलाबदल करून करावा, आणि तरीही दोष हलला नाही तर इंजेक्टर व त्यानंतर कॉम्प्रेशन तपासण्यासाठी मेकॅनिककडे जावे. ‘चारही कॉइल बदला’ हा सल्ला ऐकण्यापूर्वी हा अर्धा तास खर्च करणे केव्हाही परवडते.

पावसाळा, उंदीर आणि वायरिंग

दिवा फक्त पावसात, किंवा गाडी धुतल्यावर, किंवा खड्ड्यातून गेल्यावर लागत असेल, तर भाग चांगले असून जोडणी वाईट आहे, असे गृहीत धरून सुरुवात करावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला हमखास सापडतो. चावी बंद करून कनेक्टर काढावा, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा, पिना मागे सरकलेल्या नाहीत ना हे पाहावे आणि लॉक ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसवावे. उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली उंदीर येतात हे सांगायला नको. इंजेक्टरच्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी त्यांना सहज सापडतात. वायर तुटलेली दिसत नसली तरी आवरणावर दातांचे ठसे असतील तर आतले तांबे काळे पडलेले असू शकते.

पी-०११३ हा कोड या संदर्भात बोलका आहे. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा व्होल्टेज फार जास्त आहे, असे तो म्हणतो, आणि त्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे एअर फिल्टर बदलताना कनेक्टर परत लावायचा राहून गेला. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत दिवा लागला तर आधी हेच पाहावे.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकाच वेळी आले तर चार-पाच सेन्सर एकाच दिवशी मेले असे होत नसते. बॅटरी, अर्थिंग किंवा सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवणारी सामाईक वायर यांपैकी एक गोष्ट बिघडलेली असते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम वर-खाली होतो, तेथे एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. सेल मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी आधी बदलावी आणि मग कोडकडे वळावे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड आणि घाई

पी-०४२० हा कोड कन्व्हर्टरची कार्यक्षमता घसरल्याचे सांगतो आणि त्याची दुरुस्ती महाग असते, कारण आत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे धातू असतात. म्हणूनच येथे घाई करू नये. आधी मिसफायर, मिश्रणाचा आणि ऑइल जळण्याचा दोष दूर करावा, कारण कन्व्हर्टर बहुधा दुसऱ्या कोणाच्या चुकीने मरतो. कारण तसेच ठेवले तर नवाही मरेल. मग सेन्सरच्या आधीच्या सायलेन्सर पाइपच्या जोडांत गळती आहे का ते पाहावे, कारण तेथून आत ओढली गेलेली हवा खोटे चित्र उभे करते. त्यानंतर अॅपमध्ये कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पाहावा: साध्या सेन्सरच्या गाडीत, तापलेल्या इंजिनावर आणि स्थिर वेगात, तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहिला पाहिजे. पुढच्या सेन्सरप्रमाणे तोही ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान भराभर नाचत असेल, तर मात्र कन्व्हर्टर संपला असे म्हणायला आधार आहे. कन्व्हर्टर आतून पोकळ करून देण्याची ‘सोय’ काही ठिकाणी सुचवली जाते. ती बेकायदा आहे, शिवाय दिवाही त्याने विझत नाही.

पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल, हा सल्ला इंटरनेटवर सर्वत्र सापडतो. तो अमेरिकेतील गाड्यांसाठी योग्य आहे, कारण तेथे टाकीतून वाफ गळते का याची तपासणी गाडीने स्वतः करणे बंधनकारक आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे असल्याने आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ही गळती तपासली जात नाही. झाकण घट्ट असावेच, पण त्यावर महिना घालवू नये. टाकी पूर्ण भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल आणि दिवाही लागत असेल, तर झाकणापेक्षा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला आहे का ते पाहावे.

पी-०१२८ या कोडमागे तर आपल्या गॅरेजांची एक जुनी सवय असू शकते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारी झडप) काढून टाकायचा आणि पाणी सतत फिरू द्यायचे, हा उपाय कार्ब्युरेटरच्या काळात खपून जात असे. आजच्या इंजिनाला तापमान योग्य वेळात वर गेलेले दिसले नाही, तर ईसीयू थंड इंजिनासाठीचे जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडते आणि दिवा लागतो. थर्मोस्टॅट जागेवर आहे का आणि तो उघडाच अडकलेला नाही ना, हे पाहून नवा बसवावा.

बीएस-६ डिझेल गाडीत वारंवार येणारा दिवा बहुधा काजळीच्या फिल्टरशी, म्हणजे डीपीएफशी निगडित असतो. गाडी रोज शहरात चार किलोमीटर चालत असेल तर फिल्टरमधील काजळी जाळण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही, किंवा जळण्याची क्रिया सुरू होते आणि ऑफिस आल्यामुळे अर्धवट तुटते. डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर स्थिर वेगाने वीसेक मिनिटे गाडी चालवल्यास काम होते. गाडीची ताकदच कमी झाली असेल, किंवा डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर गाडी पळवत न बसता सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी. वाढलेली पातळी म्हणजे ऑइलमध्ये डिझेल मिसळल्याची खूण असते.

गॅरेजमध्ये काय विचारावे

गाडी देण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहून न्याव्यात: दिवा कधी लागतो, गाडी थंड असते की गरम, पाऊस होता का, पेट्रोल नुकतेच भरले होते का. कोड आणि फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट सोबत ठेवावेत. एखादा भाग बदलण्याचे ठरले तर ‘हा भाग खराब आहे हे कोणत्या चाचणीत दिसले?’ हा एकच प्रश्न शांतपणे विचारावा आणि जुना भाग परत मागावा. चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही, उलट मोकळेपणाने आकडे दाखवतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा आणि अॅपमधील ‘रेडिनेस’ हे पान पाहावे. तेथे ईसीयूच्या कोणत्या स्वयंतपासण्या पूर्ण झाल्या ते कळते, आणि त्या पूर्ण होईपर्यंत विझलेल्या दिव्याला अर्थ नसतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून थोडा वेळ आयडलिंगवर ठेवणे, मग हायवेवर वरच्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवणे, आणि एक-दोनदा ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग उतरू देणे, अशा फेरीत बहुतेक तपासण्या होतात. वाकड आणि हिंजवडीच्या कोंडीत त्या होत नाहीत. मी त्यासाठी रविवारी पहाटे सातारा रस्त्याला गेलो होतो. दोन आठवड्यांनी प्रलंबित कोडची यादी रिकामी होती आणि आयडलिंगवरचा ट्रिम १८ वरून ३ वर आला होता.

एवढे सर्व करूनही कोणी ईसीयूच बदलायला सांगितले, तर आधी त्याच्या अर्थिंगचा बोल्ट काढून, खालचा गंज घासून, पुन्हा घट्ट बसवून आठवडाभर गाडी चालवून पाहावी.